दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये

वर्तुळ पसरलं, एवढंच झालं. हिंगोलीच्या कचेरीतल्या बैठकीच्या खोलीत भर दुपारी पडदे ओढलेले होते. वाऱ्यानं समोरचं कापड हलतं म्हणून प्रज्ञेशनं पंखाही बंद केला होता. कापडावर काळ्या रेघांची चौकट आणि तिच्या मधोमध एक वर्तुळ होतं. प्रज्ञेशनं रिमोटवरचं एक बटण दाबलं आणि कुणी दोन्ही कान धरून ओढावेत तसं ते वर्तुळ आडवं झालं, अंड्यासारखं. रुपानं मांडीवरची वही मिटली. खोलीतला उजेड कमी झाला असं तिला वाटलं, पण उजेड तेवढाच होता. प्रज्ञेश सांगत राहिला की जुनी चित्रं चारास तीन मापाची असतात, आत्ताचे पडदे सोळास नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर नीट लावलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात, आणि पट्ट्या नकोत म्हणून पडदा भरून टाकला की सगळं एक तृतीयांशानं जास्त रुंद होतं. माणसंसुद्धा. "म्हणून हे वर्तुळ आधी बघायचं, ताई. बाकी काही नाही कळलं तरी चालंल. गोल गोल दिसून राहिलं का, एवढं बघायचं." रुपा मान हलवत होती. तिला मात्र त्या अंड्यात टाळ दिसत होते. तांड्यावरच्या देवळात दरवर्षी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी तिच्या बाचं कीर्तन पडद्यावर लावतात, त्यात मागच्या रांगेत उभ्या टाळकऱ्यांच्या हातातले टाळ. लांबट होते ते. आठ वर्षं ती पाहत आली होती. लांबट टाळ कुठल्या दुकानात मिळतात, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

कचेरीच्या नव्या सभागृहासाठी प्रोजेक्टर घ्यायचा होता. अटींचा कागद भांडार शाखेनं करायचा, आणि भांडार शाखा म्हणजे रुपाचं टेबल. मागच्या फायलीतले शब्द ती तसेच उतरवत आली होती. पण नवे साहेब बैठकीत म्हणाले, बाई, हे नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणजे काय, आपण मागतोय तरी काय ते सांगा. टेबलाभोवतीचे सगळे हसले, वाईट मनानं नव्हे. म्हणून तिनं संगणक विभागातल्या या प्रज्ञेशला गाठलं. तो तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असेल, इंजिनिअर, शिकवायला लागला की जेवणाची वेळ विसरणारा. दोन दिवस तो तिला एकेक शब्द उलगडून सांगत होता आणि ती आपल्या मराठीत वहीत मांडत होती. लुमेन म्हणजे यंत्र किती उजेड ओततं ते. खिडक्या जास्त असतील तर लुमेन जास्त मागायचे. थ्रो म्हणजे यंत्र किती लांब ठेवल्यावर चित्र किती रुंद पडेल त्याचा हिशेब. कीस्टोन म्हणजे यंत्र खालून वर तोंड करून ठेवलं की चित्राचं डोकं रुंद आणि पाय निमुळते होतात, ते दुरुस्त करणं. तिला हे आवडायला लागलं होतं. बा एका अभंगाच्या एका शब्दावर तासभर थांबायचा, शब्दाला हातात घेऊन उलटंपालटं करायचा, आणि समोर बसलेल्यांना वाटायचं की आपण हा शब्द आयुष्यभर वापरला पण पाहिला आज. प्रज्ञेशचं बोलणं तिला तसं वाटत होतं. आणि आता त्यातल्याच एका शब्दानं तिच्या बाच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं होतं.

ती टेबलावर परत आली, मोबाइल काढला, दिपकनं पाठवलेला फोटो उघडला. दिपक तिचा धाकटा भाऊ, साखऱ्याजवळच्या तांड्यावर शेती करतो, सप्ताहाच्या मंडळाचा अध्यक्ष. बाचा, म्हणजे वसराम महाराजांचा, अर्धपुतळा देवळासमोर बसवायचा हे मंडळानं यंदा ठरवलं होतं. बाचा सुटा, नीट फोटो घरात एकही नव्हता. जो होता तो लग्नातला, घोळक्यातला, बोटाच्या पेराएवढा. म्हणून दिपकनं पडद्यावर कीर्तन थांबवलं आणि पडद्याचाच फोटो काढून मूर्तिकाराला दिला. भरलेले गाल, रुंद कपाळ, जाड मान, आडवा फेटा. हिंगोलीतच, रेल्वे रुळांपलीकडे, ग्यानोबा नावाच्या मूर्तिकारानं त्यावरून मातीचं डोकं केलं होतं. गुरुवारी घरच्यांनी येऊन बघायचं, हो म्हणायचं, मग त्यावरून साचा. आज सोमवार होता. रुपानं फोटो मिटला आणि डोळेही मिटले. बा कसा दिसायचा? बा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. म्हणजे एकोणीस वर्षं पाहिलेला बा तिच्याजवळ असायला हवा होता. तिनं हाक मारली तसा जो आला तो रुंद होता. पडद्यावरचाच. तिनं त्याला मागे सारलं आणि आणखी मागे गेली. सायकलच्या दांडीवर बसून ती साखऱ्याच्या शाळेत चालली आहे, बाचा श्वास तिच्या डोक्यावर, बुक्क्याचा वास, हँडलवर बाचे हात, नखांत हळद शिजवल्याचा पिवळेपणा. तिनं मान वळवून वर पाहिलं. वर तोच रुंद चेहरा होता, सायकलवर बसवल्यासारखा.

संध्याकाळी कचेरी सुटायच्या आधी ती पुन्हा प्रज्ञेशकडे गेली आणि विचारलं, जुन्या कॅसेटमधलं चित्र मुळात किती खरं असतं? त्याला वाटलं हे कागदासाठीच. तो खुशीनं सांगू लागला. जुन्या पद्धतीत एका वेळी पूर्ण चित्र नसतंच, ताई. आधी एक सोडून एक अशा विषम ओळी येतात, मग उरलेल्या सम. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. पूर्ण चित्र कुठंच नसतं, ते बघणाऱ्याचा डोळा बनवतो. आणि नेटिव्ह म्हणजे यंत्रात खरोखरचे ठिपके किती, ते. चित्रात तेवढे ठिपके नसले तर यंत्र शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज करतं आणि मधली जागा भरतं. अंदाज इतका सफाईचा असतो की भरलेलं कुठलं आणि असलेलं कुठलं हे ओळखू येत नाही. रुपा बसस्थानकासमोरून घरी चालत निघाली. बाजारातून हळदीच्या पोत्यांचा वास येत होता, कोरडा, नाकाच्या आत चिकटून राहणारा. तिला वाटत होतं की आपण आठ वर्षं दरवर्षी एकदा पडदा पाहिला आणि आपल्या आतल्या यंत्रानं शेजारच्या ठिपक्यांवरून सगळा बा भरून काढला. खरा होता त्यावर लिंपून टाकला. घरी नवऱ्यानं विचारलं, बरं न्हाई का. ती म्हणाली, डोळे दुखून राहिले. रात्रीच्या भाकरी थापताना, भांडी विसळताना, पांघरूण ओढताना ती एकेक अर्धं चित्र उचलून बघत होती. विषम ओळींत बाचा आवाज होता, बारीक, वरच्या पट्टीत किंचित फाटणारा. सम ओळींत काहीच नव्हतं.

बुधवारी तिनं रजा टाकली आणि जिल्ह्यातल्याच गोरेगावपर्यंत जाऊन तिथून जीपनं साखरा गाठलं. जीपमध्ये शेजारी बसलेल्या म्हातारीनं कुणाची म्हणून विचारलं. वसराम महाराजाची म्हणताच तिनं रुपाच्या हाताला हात लावून आपल्या कपाळाला लावला. आमच्या गावात सात वर्षं लागोपाठ आले महाराज, म्हणाली, पण घासभर खाल्लं न्हाई कुणाच्या घरी. ज्या गावात कीर्तन त्या गावात अन्न घेणार न्हाई, असा नेम व्हता त्यांचा. आमी लई गळ घातली. नुसतं पाणी प्याले अन् निघाले. रुपाला हा नेम ठाऊक होता, तांड्यावर सगळ्यांनाच ठाऊक होता, तो आता पोथीतल्या गोष्टीसारखा सांगितला जायचा. चैत्रात सप्ताहांचे दिवस आले की बा महिना-महिना फिरायचा. सकाळी उठून ती दाराशी यायची तेव्हा याडी, तिची आई, चुलीपुढे बसलेली असायची आणि बा भिंतीला टेकून झोपलेला, पायांवर धूळ, समोर झाकलेलं ताट तसंच. याडी आणि बा यांच्यात त्या ताटावरून कधी बोलणं झालेलं तिला आठवत नव्हतं. ताट मात्र आठवत होतं, त्यावरची उपडी परात, परातीचा पोचा. एवढ्याशा पोच्याचे ठिपके कसे शाबूत राहिले, आणि त्यामागे झोपलेल्या माणसाच्या तोंडाचे का नाही, हे तिला कळेना.

दिपक देवळातच होता. सप्ताह चार दिवसांवर आला होता, मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या. तिनं आधी चहा घेतला, वहिनीची विचारपूस केली, मग हळूच म्हणाली की प्रोजेक्टर लावून बघू, मला एक बटण दाबायचंय. दिपक हसला. हापिसात शिकून आली काय, म्हणाला. सभामंडपाच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या तरी उजेड फटींतून येत होता. याडी, म्हणजे रुख्मिणीबाई, खांबाला टेकून बसली, पडदा लावला म्हणजे आपण बसायचं एवढ्याच सवयीनं. यंत्र तापलं, पडद्यावर बा आला. तोच, भरलेला, प्रसन्न, दोन्ही हात उंचावलेला. गोरेगावच्या एका लग्न-व्हिडिओवाल्यानं भक्तीनं काढलेलं ते चित्रीकरण, बा जाण्याच्या तीन वर्षं आधीचं. कीर्तनात बा मधेच मराठी सोडून गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, बोलायचा, मागे बसलेल्या बायांसाठी, आणि त्या बाया हसायच्या, ते हसू अजून टेपेत होतं. रुपा मागचे टाळ बघत होती. लांबट. तिनं रिमोट हातात घेतला. प्रज्ञेशनं सांगितलं होतं, मेन्यूत दुसऱ्या ओळीवर. तिनं बटण दाबलं.

पडदा दोन्ही बाजूंनी मिटला. टाळ गोल झाले. आणि बा बारीक झाला. इतका बारीक की रुपाचा हात आपोआप पुढे गेला, पडतोय म्हणून धरायला जावं तसा. गालफडं आत, मानेच्या शिरा ताणलेल्या, गळ्याखालचं हाड उपरण्यातून वर आलेलं. डोळ्यांची उंची तेवढीच होती, पण आता ते तोंडाला मोठे वाटत होते. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या उभ्या राहिल्या, आणि नीट पाहिलं तर त्या काळ्याही नव्हत्या, राखाडी होत्या. यंत्र काळं फेकू शकत नाही, हे तिला दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. जिथं उजेड टाकत नाही तिथं जे उरतं त्याला आपण काळं म्हणतो. त्या दोन उरलेल्या जागांच्या मध्ये बा गात होता, अरुंद, जणू दाराच्या चौकटीत. रुपा वाट पाहत होती की आता आतलं काहीतरी उठेल, हो म्हणेल, सायकलवरचा चेहरा वळेल. काही उठलं नाही. हा माणूस तिला अनोळखी वाटला आणि त्या अनोळखीपणाची तिला इतकी लाज वाटली की तिनं मान खाली घातली.

दिपक म्हणाला, बंद कर. मग आवाज खाली आणून म्हणाला की या पट्ट्या त्यानंच काढल्या होत्या, आठ वर्षांपूर्वी, प्रोजेक्टर आणला त्या पहिल्या दिवशी. महाराजांच्या दोन्ही अंगाला काळं काहून दिसून राहिलं, असं जो तो विचारायला लागला होता, म्हाताऱ्या बायांना ते अशुभ वाटत होतं, म्हणून त्यानं बटण दाबत दाबत पडदा भरला होता आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बा गेला तेव्हा दिपक नऊ वर्षांचा होता. "तू बाला एकोणीस वर्षं पायलं, ताई. मी जो पायला तो ह्यो पडद्यावरचाच. आता तू येऊन म्हणते ह्यो बी न्हाई."  रुपाला सांगायचं होतं की मीही पाहिलेला हरवून बसले, आपण दोघं आता सारखेच. पण ते शब्द सापडायच्या आधीच याडी खांबापासून बोलली, गोरमाटीत, कुणाकडे न बघता. बारीकच व्हता तो, म्हणाली. मला पहिल्या दिवशीच कळलं.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदरानं गुडघा झाकत होती. मग काहून बोलली न्हाईस, दिपकनं विचारलं, आठ वर्षं. याडीनं मान वर करून पाहिलं. पडद्यावर बा गातच होता. "गावोगाव कीर्तन केलं त्यानं अन् कुठंच जेवला न्हाई. घरी यायचा तवर भूक मरून गेलेली असायची. शेवटी पोटानंच गेला. पडद्यावर पायला तर कसा भरलेला दिसला. मला वाटलं, कुठं का असंना, खाऊनपिऊन हाय. वर्षातून एकदा तेवढंच बघायला येऊन बसत व्हते मी." एवढं बोलून ती उठली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि चहाच्या भांड्याकडे निघून गेली. दिपकनं रुपाच्या हातातून रिमोट घेतला. पण बटण दाबलं नाही, तसाच धरून उभा राहिला. फटीतून आलेला उन्हाचा एक पट्टा बाच्या छातीवर पडला होता आणि तिथं तेवढा बा पुसला गेला होता.

त्या रात्री रुपा तांड्यावरच राहिली आणि तिनं ठरवून टाकलं. प्रज्ञेशनं दिपकच्या फोटोवरून दोन्ही मापांचे छापून दिलेले फोटो मंगळवारपासून पाकीट न उघडताच तिच्या पर्समध्ये होते, ते बाहेर काढायचे नाहीत. वर्तुळ गोल दिसतं का एवढं बघायचं, हे कागदाला ठीक आहे. एका बाईनं आठ वर्षं वर्षातून एकदा आपल्या माणसाला पोटभर जेवलेला पाहिलाय, तो आपण मापात आणून बसवायचा कशासाठी? आपल्याला खरा हवा म्हणून? पण आपल्याकडे तर खराही नाही. ती अंथरुणावर पडून हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि तिला बरं वाटत राहिलं, ताप उतरताना वाटतं तसं, हलकं आणि थोडं रिकामं. पुतळा रुंद होईल. पुढची पोरं रुंद महाराजाला हार घालतील. त्यात कुणाला तकलीफ आहे? झोपेच्या कडेवर तिला कीर्तन ऐकू येत होतं, शब्द नव्हते, नुसती चाल होती, आणि चालीला कुठलंही माप नव्हतं, ती पडद्याच्या दोन्ही बाजूंनी वाहून जात होती.

गुरुवारी याडी, दिपक आणि रुपा अशी तिघं ग्यानोबाच्या शेडमध्ये उभी होती. वर पत्रे, खाली ओल्या मातीचा गारवा, भिंतीला टेकवलेले साचे, आणि मधोमध तिवईवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं डोकं. ग्यानोबा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. फडकं सोडता सोडता म्हणाला की काम झालंय, पण मला ह्यो चेहरा नीट बसला न्हाई. नाक एका माणसाचं अन् गाल दुसऱ्याचे वाटून राहिले. फोटोबराबर हाय, तरी बघा. फडकं निघालं. पडद्यावरचा बा मातीत उभा होता, गंधाच्या रेघेसकट. दिपकनं हात जोडले. रुपानं पर्स काखेत घट्ट धरली आणि म्हणाली, छान झालंय. तिचा आवाज तिला लांबून आला. ग्यानोबानं याडीकडे पाहिलं. "आजी, तुमी सांगा. बराबर हाय का?"

याडी पुढे झाली. पुतळा तिच्याच उंचीवर होता. ती बराच वेळ बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर तेच पडदा बघतानाचं समाधान होतं, रुपानं ते ओळखलं. मग तिनं दोन्ही हात उचलले आणि मातीच्या गालांवर ठेवले. रुपाला आठवेना की याडीनं बाच्या तोंडाला हात लावलेला तिनं कधी पाहिला होता. नसावाच पाहिला. पण हात गेले ते सरावानं गेले, अंगठे नाकाशी, बोटं कानामागे, आणि तिथं गेल्यावर थांबले. तळव्यांना जिथं पोकळी हवी होती तिथं माती होती. याडीनं हात काढले, पुन्हा ठेवले. तिच्या तोंडावरचं समाधान हळूहळू गेलं, राग आला नाही, रडू आलं नाही, शोधत असल्यासारखं काहीतरी आलं. "ह्यो न्हाई," ती म्हणाली. "डोळ्याला चालत व्हता. हाताला चालंना. काढ हे."

ग्यानोबानं तारेची कोरणी घेतली. दिपक जोडलेले हात सोडून बाजूला झाला. रुपानं पर्समधून अरुंद फोटो काढून तिवईवर ठेवला, पण ग्यानोबा फोटोकडे थोडाच बघत होता, तो याडीच्या हातांकडे बघत होता. तो एक पापुद्रा काढायचा, ती हात ठेवायची, मान हलवायची, तो आणखी काढायचा. गाल आत गेले. जबड्याची रेघ आली. मान बारीक झाली तसा फेटा मोठा दिसू लागला, मग फेटाही कोरून लहान करावा लागला. रुपा बाजूनं बघत होती, बायांच्या रांगेतून लहानपणी बघायची तशी, एका अंगानं, आणि कानाखालून हनुवटीकडे जाणारी ती एक ओळ तिला दिसली. तेवढीच एक. ती भरलेली नव्हती, असलेली होती. बाकीचं कुणास ठाऊक. तिनं श्वास धरून ठेवला, हललं तर जाईल म्हणून.

काढलेली माती तिवईच्या पायाशी पडत होती. हात ठेवायचं काम संपलं तशी याडी खाली बसली. तिनं ते मऊ, ओले पापुद्रे गोळा केले, ओंजळभर झाले, दोन गालांचे. मांडीवर घेऊन ती मळायला लागली, इकडे तिकडे बघत, शेडच्या पत्र्यांकडे, साच्यांकडे, आणि हात आपले आपण चालत होते. गोळा झाला. मग तो तळहातावर घेऊन ती थापू लागली, कडेनं फिरवत, बोटांनी पातळ करत, आणि थापण्याचा तो आवाज शेडमध्ये घुमायला लागला. तळहाताएवढी गोल भाकरी झाली तेव्हा तिनं ती पुतळ्यासमोर तिवईच्या कडेवर ठेवली.

ग्यानोबा हात पुसत म्हणाला, आजी, ती माती द्या, कानाला लागंल मला.

"थांब की थोडं," याडी म्हणाली. "आज इथं कीर्तन न्हाई त्याचं. जेवू दे."